शब्दवेध आणि तापवेध : मावळातील रात्रीच्या शिकारीसंबंधी काही विचार

गेल्या कार्तिकाच्या वद्य पक्षात आम्ही भाजे येथे एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी दोन दिवस मुक्कामास होतो. तेथील लेण्यांतले दानलेख पुन्हा एकवार डोळ्यांखालून घालावे, एवढाच हेतू होता. रात्री जेवणे आटोपल्यावर विद्यार्थ्याने ओट्यावर येऊन आमच्या हाती वीतभर लांबीची एक काळी नळी दिली आणि म्हणाला, "गुरुजी, विसापूरच्या पायथ्याची खाचरे ह्यातून पाहा." अमावास्या जवळ आलेली, पुढे केलेला स्वतःचा हातही दिसेना. नळी डोळ्यास लावताच मात्र करड्या रंगाचे एक चित्र उघडले. बांधावरचे कुत्रे चुन्यासारखे पांढरे, उघड्या गोठ्यातील गुरांच्या पाठी तशाच, आणि दूर भाताच्या खाचराकडेला एक वाटोळा उजळ पुंजका. आम्ही ठामपणे म्हणालो, "रानडुक्कर." तो हसला. तो दिवसभर ऊन खाऊन तापलेला काळा कातळ होता. "आणि त्याच्या डावीकडे दहा पावलांवर राखणदार बसला आहे, तो दिसला काय?" आम्हांस कोणी दिसले नव्हते. इतक्यात विडी पेटविण्यासाठी त्या राखणदाराने डोक्यावरची घोंगडी मागे सारली, आणि धडावाचून नुसता एक चेहरा अधांतरी प्रकट व्हावा तसा तो आमच्या दृष्टीस पडला.

दगड श्वापद भासला आणि मनुष्य दिसलाच नाही. विद्यार्थी श्वापदांची रात्रीची नोंद ठेवणाऱ्या मंडळींपैकी आहे. त्याच्याजवळची नळी केवळ पाहण्याची. परंतु तिचाच सख्खा भाऊ बंदुकीवर बसवितात, बाजारात त्यास थर्मल स्कोप म्हणतात, आणि मावळात धनिकांचे बंगले वाढू लागल्यापासून त्याविषयी कुतूहलाने विचारणारे लोक आम्हांसही भेटले आहेत. पोथ्या व दप्तरे ह्यांस वाहिलेल्या ह्या पृष्ठांत असल्या यंत्राचे प्रकरण कशास, असे वाचकांस वाटेल. आमचे म्हणणे एवढेच की, यंत्र नवे असले तरी त्याने उभा केलेला प्रश्न आपल्या ग्रंथांत फार पूर्वी उपस्थित झालेला आहे, आणि तो ज्याने वाचला आहे तो हे यंत्र अधिक शहाणपणाने निवडील.

प्रथम शब्दांचा विचार करू. अमरकोशात मृगयेस आच्छोदन, मृगव्य, आखेट अशी नावे दिली आहेत. मराठीतील पारध हा शब्द प्राकृत पारद्धि ह्यापासून आला. पुढे हेमचंद्राच्या कोशात पापर्द्धि हे त्याचे संस्कृत रूप आढळते. ज्या उद्योगाने पापाची वृद्धी होते तो, असा अर्थ त्यातून काढता येतो. अहिंसाधर्मी जैन आचार्याच्या कोशात तो शोभतोही. परंतु आमचे मते हे मागाहून संस्कृताचा पेहराव चढविलेले रूप असावे. शिकार हा शब्द फारशी, आणि दुर्बीण हाही फारशीच : दूर पाहणारी ती दुर्बीण. ह्या नव्या यंत्रास दुर्बीण म्हणणे मुळात चुकीचे आहे. ते दूरचे जवळ आणते खरे. परंतु त्याचे मुख्य काम उष्णता दाखविण्याचे आहे. म्हणून आम्ही पुढे त्यास तापदर्शक म्हणू.

मृगयेवर आपल्याकडे शास्त्रीय लेखन थोडे नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या मानसोल्लासात मृगयाविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. बडोद्याच्या प्राच्यग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो ग्रंथ संपादिला, हे वाचकांस विदित आहेच. कुमाऊंच्या रुद्रदेवाचे श्यैनिकशास्त्र म. म. हरप्रसाद शास्त्री ह्यांनी १९१० साली कलकत्त्यास छापविले. कौटिल्याने व्यसनांची तुलना करिताना मृगयेची बाजू सांभाळून घेतली आहे : तिने शरीरास व्यायाम घडतो, चालत्या व स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, क्रोध व भय ह्यांत श्वापदांचे चित्त कसे असते ते कळते. ओट्यावर बसून विजेच्या पेटीतून डुक्कर मारणारास ह्यांपैकी कोणता लाभ घडतो, हे कौटिल्यासच विचारावे लागेल.

रात्रीच्या वेधाचा विषय मात्र शास्त्रांपेक्षा इतिहासकाव्यांतच अधिक सापडतो. आदिपर्वात अर्जुन जेवत असता वाऱ्याने दिवा विझतो. तरी हात सवयीने मुखाकडे जातो, हे ध्यानी येऊन तो रात्री धनुष्याचा अभ्यास आरंभितो. येथवर विद्येचे कौतुक आहे. तिचे दुसरे अंग अयोध्याकांडात दिसते. तरुण दशरथ पावसाळ्याच्या रात्री शरयूच्या पाणवठ्यावर दबा धरून बसला आहे. महिष, गज किंवा दुसरे कोणते श्वापद पाण्यावर येईल ही अपेक्षा. अंधारात घडा भरल्याचा आवाज होतो. तो त्यास हत्तीचा वाटतो. बाण सुटतो, आणि मनुष्याचा आक्रोश ऐकू येतो. आपण त्या मुलास श्रावणबाळ म्हणतो, परंतु वाल्मीकीने त्याचे नाव दिलेले नाही. कालिदासाने ही घटना शरयूवरून तमसेवर नेली, आणि रानहत्तीचा वध राजास निषिद्ध असताही दशरथाने तो केला, असा अधिक दोष पदरी घातला. टीकाकार ह्या भेदावर पुष्कळ लिहितात. आमचे लक्ष दुसरीकडे वेधते. दशरथाचा नेम चुकला नव्हता. बाण जेथून आवाज आला तेथेच लागला. वेध अचूक होता, ओळख चुकली होती. मौसलपर्वातील जरा नामक व्याधाचेही तेच. श्रीकृष्णाच्या देहाचा जेवढा भाग त्यास दिसला तेवढ्यावरून त्याने मृग ठरविला. एकाने ऐकून, दुसऱ्याने अर्धवट पाहून, परंतु दोघांनीही अंशावरून संपूर्णाचे अनुमान केले. न्यायशास्त्र शिकलेल्यास येथे व्याप्तिज्ञानाचा अभाव असे म्हणता येईल. शिकाऱ्यास ते नाव ठाऊक नसले तरी अनुभव ठाऊक असतो.

आता मावळाकडे वळू. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ ही तीन खोरी मिळून हल्लीचा मावळ तालुका बहुतांशी होतो. खोऱ्यांच्या तळाशी भाताची खाचरे, वर कुरणे, त्याहून वर लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना ह्यांचे कडे आणि मधल्या उतारांवर दाट रान. श्वापद रानातून उतरते ते थेट शेतात. तेव्हा येथील रात्रीची शिकार म्हणजे राजविनोद नसून बहुधा राखण. चार मेढींवर माळा घालावा, खाली शेकोटी धुमसत ठेवावी, गोफण, डबा, आरोळी ह्यांवर रात्र काढावी. ज्याच्याजवळ ठासणीची बंदूक असेल त्याने ती शेजारी ठेवावी. चांदण्या रात्री नेम धरता यावा म्हणून नळीच्या टोकावरील माशीस कापसाचा बोळा बांधीत किंवा चुन्याचा ठिपका देत. काळ्या माशीवर काळे डुक्कर दिसणार कसे? बिबट्यासाठी बसणारे झाडावर मचाण बांधून गाऱ्यावर रात्र जागवीत. ह्या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान होती : चंद्र नसेल तर बार नाही. अंधार हीच मर्यादा.

अर्थात अंधारावर सर्वस्वी भिस्त ठेवणारे फसतात, हेही ह्याच खोऱ्याने पाहिले आहे. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यास निघालेल्या इंग्रजांनी तळेगावच्या तळ्यात जड तोफा टाकून काळोखाच्या आश्रयाने माघार सुरू केली. मध्यरात्र उलटते न उलटते तो मराठ्यांनी त्यांस गाठले, आणि पाच दिवसांनी वडगावचा करार झाला. असो, हे विषयांतर झाले.

मर्यादा प्रथम मोडली ती विजेच्या बत्तीने. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली जिम कॉर्बेट ह्यांनी मारला तो बंदुकीस बांधलेल्या बत्तीच्या प्रकाशात, हे प्रसिद्धच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आणि झोतदिवा ही जोडी आली, आणि शिकारीचे जे काही कौशल्य उरले होते ते तिने संपविले. प्रकाशाने डोळे दिपून जनावर जागच्या जागी उभे राहते; त्यास मारणे म्हणजे खुंट्यास बांधलेले बकरे मारणे. म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात, मूळच्या सतराव्या कलमात, चालत्या वाहनातून, कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करण्यास बंदी घातली होती. विशेष परवान्याचे अपवाद तेवढे होते. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच गेली आणि तिच्याबरोबर हे कलमही गेले. जुन्या कायद्यांचा संग्रह करणारांनी त्या कलमाची शब्दरचना अवश्य पाहावी. कृत्रिम प्रकाश व रात्रीचा काळ ह्या दोन निरनिराळ्या बाबी तीत स्वतंत्र मांडल्या आहेत. तापदर्शक कसलाही प्रकाश टाकीत नाही, म्हणून पहिल्या बाबीतून तो निसटला असता. दुसरीतून निसटला नसता. कायदा लिहिणारांस हे यंत्र ठाऊक नव्हते, तरी त्यांनी दार दोन्ही कड्या घालून लाविले होते.

येथे आमच्या बालपणीची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १९७१ च्या दिवाळीनंतर, भात कापणीस आले असता, आम्ही पवन मावळातील आमच्या थोरल्या काकांबरोबर माळ्यावर निजण्यास गेलो होतो. वय अवघे दहा. काकांस सारे गाव आबा म्हणे. मध्यरात्रीनंतर खालच्या खाचरात खसफस झाली, थांबली, पुन्हा झाली. काकांनी बंदूक उचलली आणि आवाजाच्या दिशेस रोखली. आम्हांस त्यांच्या श्वासाचा आवाज अद्यापि आठवतो. त्यांनी बार काढला नाही. का काढला नाही, हे त्यांनी पुढेही कधी सांगितले नाही. त्यांनी फक्त खाकरून विचारले, "कोण हाय तिथं?" आणि अंधारातून उत्तर आले, "आबा, म्या हाय, पाणी फोडाया आलोय." शेजारच्या शेतकऱ्याने वरच्या ताटव्याचा बांध फोडण्यासाठी वाकून हाताने माती उपसली होती. दुसऱ्या दिवशी काकांनी बंदूक माळवदावर टाकली. पुढे ती सरकारात जमा झाली. अयोध्याकांडातील तो प्रसंग शाळेत शिकविताना आमचा आवाज पस्तीस वर्षे एकाच ठिकाणी अडखळत आला, त्याचे कारण विद्यार्थ्यांस कधी कळले नसेल.

यंत्राच्या इतिहासातही श्वापदाचा संबंध लवकरच येतो. विल्यम हर्शेल ह्यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाचे रंग लोलकाने पृथक् करून प्रत्येक रंगात तापमापक ठेविला, तेव्हा तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यास काही दिसत नाही तेथे, पारा अधिक चढला. ह्या अदृश्य किरणांस आपण अवरक्त म्हणतो. पुढे अमेरिकेतील ज्योतिषी लँगली ह्यांनी अतिसूक्ष्म धातुपट्टीच्या विद्युत्-रोधावरून उष्णता मोजण्याचे बोलोमीटर हे उपकरण १८८० च्या सुमारास सिद्ध केले. सुधारलेल्या उपकरणास पाव मैलावरील गाईची उष्णता कळे, असे सांगत. गाय आहे हे मात्र पाहणारास आधी ठाऊक असावे लागे! दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, जर्मन व अमेरिकन सैन्यांनी बंदुकीवर अवरक्त दिवा व त्याचा प्रकाश पाहणारी नळी बसविली. ओकिनावाच्या लढाईत तिचा उपयोग झाला. तीस स्वतःचा दिवा लागे, म्हणून ती बत्तीचीच बहीण. खरा तापदर्शक तो, जो पदार्थाच्या अंगच्या उष्णतेवरच चित्र काढतो. लँगलीची पट्टी सूक्ष्म करून एका लहान तबकडीवर तशा सहस्रावधी पट्ट्या बसविण्याची विद्या अमेरिकेत लष्करासाठी गुप्तपणे वाढली आणि १९९२ च्या सुमारास खुली झाली. आजचा थर्मल स्कोप तिचाच वंशज.

पोथ्या संग्रहिणाऱ्या वाचकांस येथे एक सूचना करितो. काळवंडलेल्या पानांवरील काजळीची शाई अवरक्त छायाचित्रात स्पष्ट उठते, हे आपण जाणतो. परंतु ते किरण तांबड्यास लागून असलेले, मायक्रॉनच्याही आतले; शरीराची उष्णता सर्वांत प्रबळ असते ती नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. दोन्हीस अवरक्तच म्हणतात. पण तापदर्शकाने पोथी वाचता येत नाही, आणि पोथीच्या कॅमेऱ्याने डुक्कर दिसत नाही. नावाच्या साम्याने फसून पैसे घालविलेले एक संग्राहक आम्हांस ठाऊक आहेत.

आता निवडीचा मुद्दा. विक्रेत्याच्या पत्रकात ठळक अक्षरांत एक अंतर छापलेले असते : हजार मीटर, बाराशे मीटर, अठराशे मीटर. खरेदीदार त्यावर भुलतो. हे अंतर कशाचे? चित्र लहान लहान टिंबांचे बनते, त्यांस पिक्सेल म्हणतात. हल्लीच्या बहुतेक तापदर्शकांत दोन टिंबांमधील अंतर बारा मायक्रॉन असते. भिंगाचे केंद्रांतर पस्तीस मिलिमीटर घेतले, तर शंभर मीटरांवर एक टिंब सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यापते, तीनशे मीटरांवर दहा, आणि हजार मीटरांवर चौतीस. डुकराची उंची पाऊण मीटर धरू. म्हणजे हजार मीटरांवर ते दोन टिंबांत मावले. शंभर मीटरांवर बावीस टिंबांत. जॉन्सन नामक अमेरिकन संशोधकाने १९५८ साली ह्या विषयाची जी कसोटी घालून दिली, ती अद्यापि वापरतात. तिच्याप्रमाणे काहीतरी आहे हे कळण्यास लक्ष्याच्या लहान मापावर दोन टिंबे पुरतात. ते कोणत्या जातीचे आहे हे कळण्यास आठ लागतात. आणि ते नेमके काय आहे हे ओळखण्यास तेरा. आमच्या उदाहरणात ही अंतरे अनुक्रमे अकराशे, दोनशे सत्तर आणि एकशे पासष्ट मीटर अशी येतात. पत्रकात छापतात ते पहिले; गोळी झाडण्यास योग्य ते तिसरे, आणि तेही कमालीचे. ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही कसोटी शंभरांत पन्नास वेळा बरोबर ओळख पटावी एवढ्याच हिशेबाने बसविलेली आहे. निम्म्या वेळा चूक! दशरथाचा कानही ह्यापेक्षा वाईट नसावा.

तेव्हा ज्यास कायदेशीर कारणाने हे यंत्र घ्यावयाचेच आहे त्याने अंतराचा आकडा सोडून द्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, टिंबांची संख्या व भिंग ह्यांचा मेळ. ६४० टिंबांच्या रुंदीची तबकडी व पस्तीसचे भिंग असता शंभर मीटरांवर बावीस मीटर रुंदीचे दृश्य मिळते. तेच ३८४ टिंबांचे असेल तर तेराच मीटर. मावळातील खाचरे लहान, बांध जवळ जवळ, करवंदीच्या जाळ्या मध्येच. येथे शंभर मीटरांपलीकडे मोकळी दृष्टी क्वचितच जाते. माळरानावर शोभणारे पन्नासचे भिंग येथे आणणे म्हणजे देवघरात मशाल पेटविणे. रुंद दृश्याचे पंचविसाचे किंवा पस्तिसाचे भिंग पुरे, कारण डुकराच्या आजूबाजूस काय आहे ते दिसणे डुकराइतकेच आवश्यक आहे. दुसरी गोष्ट, विजेने केलेली वाढ. कळ दाबून चित्र दुप्पट, चौपट मोठे होते. परंतु टिंबे वाढत नाहीत, नुसती फुगतात. फाटलेल्या पोथीचे पान भिंगाखाली धरल्याने गेलेली अक्षरे परत येत नाहीत, तसेच हे. तिसरी, तापमानातील किती सूक्ष्म फरक यंत्रास कळतो. चांगल्या यंत्रास एका अंशाच्या चाळिसाव्या भागाइतका फरक कळतो. कोरड्या मुलखात ह्याचे फारसे महत्त्व नाही, मावळात आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भिजलेले झाड, भिजलेला दगड, भिजलेले जनावर ही सारी जवळजवळ एकाच उष्णतेवर येतात, आणि धुके तर उष्णतेचे किरण गिळूनच टाकते. आषाढात घाटमाथ्यावर हे यंत्र म्हणजे महागडी आंधळी काठी होय.

वैशाखातही त्याची अडचण निराळी आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ दिवसा तापतो तो रात्री उशिरापर्यंत निवत नाही. संध्याकाळी व पहाटे अशी एक वेळ येते की जमीन व अंग ह्यांची उष्णता सारखी होऊन दोन्ही एकमेकांत मिसळतात. काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून भिंग साध्या काचेचे नसून जर्मेनियमचे असते, आणि किंमत वाढण्याचे ते एक मोठे कारण आहे. गाडीच्या काचेआडून पाहिले तर पलीकडचे काहीच दिसत नाही. आणि घोंगडी! धनगरी लोकरीची जाड घोंगडी अंगची ऊब आत राखते हाच तिचा गुण. त्याच गुणाने ती पांघरणारास तापदर्शकापासून लपविते. जो मनुष्य थंडीच्या रात्री शेतात असण्याचा सर्वांत अधिक संभव, तोच ह्या यंत्रास सर्वांत कमी दिसतो. ह्या एका गोष्टीसाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला, असे म्हटले तरी चालेल.

वापरासंबंधी थोडके सांगून टाकतो. बंदुकीवरील तापदर्शकाने रान धुंडाळू नये. तसे करणे म्हणजे जे काय समोर येईल त्यावर भरलेली नळी रोखणे. शोधण्यास हातातील वेगळी नळी घ्यावी, बंदूक त्या वेळी रिकामी व खाली असावी. ओळख पटेपर्यंत वाट पाहावी. डुक्कर चालते, चरते, नाकाने माती उकरते, आणि त्या हालचालीवरूनच ते खरे कळते. पडद्याकडे पाहणारा डोळा उजेडास सरावतो, त्यास पुन्हा अंधार दिसू लागण्यास अर्धा तास जातो. तेव्हा मचाणावरून उतरताना पाय जपावा. नेम बसविण्यासाठी कागदाचे लक्ष्य चालत नाही, कारण सारा कागद एकाच उष्णतेचा. मध्यभागी ऊब देणारी पुडी किंवा चकाकणारा वर्ख लावावा लागतो. आणि चित्रात खोली नसते. डुकराच्या मागे मातीचा बांध आहे की उघडी दरी आहे की कातकऱ्यांची वाडी आहे, हे तापदर्शक सांगत नाही. रायफलीची गोळी चुकली तर दोन कोसही जाते. म्हणून त्या जागेची पाहणी दिवसा करून ठेविल्यावाचून रात्री बार काढणे हा अविचार आहे.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. हौसेखातर रात्री काय, दिवसाही शिकार करता येत नाही. टेक्सासात रानटी झालेली डुकरे रात्री तापदर्शकाने मारण्यास मोकळीक आहे म्हणून तेथील चित्रफिती पाहून येथे तसे करू पाहणारा तुरुंगाचा धनी होईल. आपल्याकडे रानडुक्कर संरक्षित प्राण्यांतच मोडते. उभ्या पिकास ते घातक झाले असता अकराव्या कलमाखाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते, तीही कारणे नमूद करून. ह्यात शेतकऱ्यावर अन्याय होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी भात आज पुण्या-मुंबईच्या ताटात आहे. परंतु लोंबी भरण्याच्या पंधरवड्यात एका कळपाने एका रात्रीत खाचर लोळविले, तर वर्षाचे श्रम जातात, आणि नुकसानभरपाईच्या कागदाचा प्रवास डुकराच्या प्रवासापेक्षा पुष्कळ मंद असतो. तथापि त्यावर उपाय म्हणून गावोगाव तापदर्शकी बंदुका हव्यात, असे जे कोणी म्हणतात त्यांनी कार्तिकातील मावळची एक रात्र माळ्यावर काढावी. त्या रात्री खाचरांतून जितकी डुकरे असतात तितकीच माणसेही असतात : राखणदार, पाणी फोडणारे, खेकडे धरणारे, पहाटेच बाहेर पडणाऱ्या बाया. यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ वाघिणीच्या शोधास २०१८ साली तापदर्शक ड्रोन आणले होते. अखेर २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली तेव्हा मारणारे उघड्या गाडीत बसून तिच्यापासून थोड्याच अंतरावर होते, आणि त्या अंधारात नेमके काय घडले ह्याविषयी पुढे कित्येक दिवस वाद चालला.

शोधण्यापुरता तापदर्शक उत्तम आहे, ह्याविषयी आम्हांस संशय नाही. जखमी वासरू रात्री रानात हरवले असता, गडावर वाट चुकलेला मनुष्य शोधावयाचा असता, खाचरात कळप शिरला आहे की नाही हे ओट्यावरूनच पाहून मग डबे वाजविण्यास निघावयाचे असता, ह्या नळीसारखे साधन नाही. भाज्याच्या त्या राखणदारास आमच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या रात्री ती वापरावयास दिली. त्याने ती चारी दिशांस फिरविली, खाचराच्या टोकाशी बराच वेळ रोखून धरली, आणि परत देताना म्हणाला, "गुरुजी, ह्यात समदं दिसतंय, पर कोन हाय ते इचारल्याबिगर कळत न्हाय."

मावळातील देशमुख, देशपांडे व पाटील घराण्यांच्या दप्तरांत राखणीच्या बंदुकांचे परवाने, बिबट्या मारल्याबद्दल मिळालेल्या बक्षिसाच्या पावत्या, किंवा रात्री चुकून झालेल्या बाराबद्दलचे पंचनामे व निवाडे असण्याचा संभव आहे. असे कागद कोणाच्या पाहण्यात आल्यास त्यांच्या नकला, निदान तारीख व गाव, आम्हांस कळविण्याची कृपा करावी. विशेषतः ज्या निवाड्यात आरोपीने "जनावर समजून" असा शब्दप्रयोग केला असेल, तो मूळ अक्षरांसह हवा आहे.